फायटोकेमिकल म्हणजे काय, आणि हा शब्द कुठे वापरावा?

रावेर तालुक्यातल्या एका महिला बचत गटाच्या ताईंनी विचारलं आहे: "आम्ही कच्च्या केळीचं पीठ करतो. पाकिटं छापायला टाकायची आहेत. छपाईवाल्याने जो नमुना पाठवला त्यावर 'शंभर टक्के केमिकलमुक्त' आणि त्याच्याखालीच 'फायटोकेमिकल्सनी भरपूर' असं आहे. माझी मुलगी बी.एस्सी.ला आहे, ती म्हणते हे दोन्ही एका पाकिटावर बसत नाही. फायटोकेमिकल म्हणजे नेमकं काय? झाडात असतं ते सगळं, की फक्त औषधी असतं तेवढंच? आणि मराठीत त्याला काय लिहायचं?"

ताई, मुलीचं बरोबर आहे. तो नमुना छापू नका. का छापू नये हे सांगायचं तर शब्द थोडा उलगडावा लागेल. माझी तीसेक वर्षं जळगावात झाडपाल्याचे अर्क काढण्यात, तपासण्यात आणि ते काम मुलांना शिकवण्यात गेली. या एका शब्दाने जेवढा गोंधळ होताना पाहिला तेवढा दुसऱ्या कुठल्या शब्दाने पाहिला नाही, म्हणून उत्तर लांबणार आहे.

ग्रीक भाषेत 'फायटॉन' म्हणजे वनस्पती. केमिकल म्हणजे रसायन. वनस्पतीने स्वतःच्या पेशीत तयार केलेलं रसायन, एवढाच या शब्दाचा अर्थ. त्यात 'चांगलं', 'औषधी', 'पौष्टिक' यातलं काहीही नाही. हा शब्द रसायनाचं माहेर सांगतो, स्वभाव सांगत नाही. पाकिटावरच्या दोन ओळींचं भांडण इथेच आहे. वरची ओळ म्हणते रसायन नाही, खालची म्हणते भरपूर रसायन आहे. तुम्हाला वरच्या ओळीत म्हणायचं असेल ते असं, की आम्ही बाहेरून रंग, वास किंवा टिकवण्याचं औषध घातलेलं नाही. मग तेच लिहा. पाणी रसायन आहे, मीठ रसायन आहे, तुमच्या पिठातला स्टार्चही रसायनच आहे. केमिकलमुक्त पीठ या जगात कुणीही करू शकत नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न, झाडातलं सगळंच का? शब्दाच्या फोडीप्रमाणे पाहिलं तर हो, साखर, स्टार्च, प्रथिनं, तेल हे सगळं त्यात यायला हवं. पण आमच्या कामात हा शब्द असा वापरत नाहीत. आल्ब्रेख्त कोसेल या जर्मन शास्त्रज्ञाने १८९१ मध्ये पेशीतल्या पदार्थांचे दोन भाग पाडले. ज्यांच्याशिवाय कुठलीच पेशी जगू शकत नाही ते प्राथमिक: शर्करा, अमिनो आम्लं, स्निग्ध पदार्थ, केंद्रकाम्लं. आणि जे सगळ्यांत सापडत नाहीत, एका झाडात असतात आणि शेजारच्यात नसतात, ते दुय्यम. तंबाखूत निकोटिन आहे, गव्हात नाही, पण गहू त्यामुळे अडून बसलेला नाही. आज शास्त्रीय लिखाणात फायटोकेमिकल म्हटलं की बहुतेक वेळा हे दुय्यम पदार्थच डोळ्यापुढे असतात. मराठीत यांना 'दुय्यम चयापचयज' (सेकंडरी मेटाबोलाइट) म्हणता येईल.

'दुय्यम' हा शब्द मात्र मुलांची दिशाभूल करतो. त्यांना वाटतं कमी महत्त्वाचं, दोन नंबरचं. मी त्यांना विचारतो, तुमच्या वडिलांनी शेताचं खरेदीखत कुठे नोंदवलं? दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात. त्या कार्यालयाशिवाय शेत नावावर होत नाही, आणि त्याच्या पाटीवर 'दुय्यम'च लिहिलेलं असतं. इथेही तसंच. हे पदार्थ कोसेलच्या वर्गवारीत दुसऱ्या रांगेत आहेत, झाडाच्या आयुष्यात नाहीत. बराच काळ शास्त्रज्ञही यांना झाडाने टाकून दिलेला कचरा समजत होते. १९५९ मध्ये गॉटफ्रीड फ्रँकेल यांनी ठामपणे मांडलं की हे पदार्थ किड्यांपासून बचावासाठी आहेत, आणि कुठला किडा कुठल्या झाडावर बसणार हेही त्यांच्यावरूनच ठरतं. झाडाला पळता येत नाही, हात नाहीत, काठी उचलता येत नाही. ते रसायन बनवतं.

हे पटायला आपल्या खानदेशात लांब जावं लागत नाही. सरकीचा एक दाणा घ्या, ब्लेडने उभा चिरा आणि भिंगातून पाहा. पिवळसर गरावर काळपट बारीक ठिपके दिसतील, जणू कुणी मिरपूड भुरभुरली आहे. चोपड्याकडचे एक शेतकरी एकदा असे चिरलेले दाणे घेऊन आले होते. सरकीला बुरशी लागली असं त्यांना वाटत होतं. भिंग त्यांच्या हातात दिलं. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "भाऊ, यामा काय शे?" म्हणजे यात काय आहे? त्या ठिपक्यांत गॉसिपॉल असतं. प्रत्येक ठिपका ही एक छोटी ग्रंथी, कापसाच्या झाडाने जन्मापासून सांभाळलेली विषाची कुपी. पानांत, बोंडांतही अशा ग्रंथी असतात. १८९९ मध्ये मार्खलेव्स्की या पोलिश रसायनज्ञाने हा पदार्थ सरकीतून वेगळा केला आणि कापसाच्या शास्त्रीय नावावरून त्याला नाव दिलं.

गॉसिपॉल हे अस्सल फायटोकेमिकल आहे. आता ते चांगलं की वाईट? कापसाच्या दृष्टीने चांगलं, पुष्कळ किडे त्याने दूर राहतात. डुकरं आणि कोंबड्यांना ते बाधतं. गाई-म्हशींना बऱ्यापैकी सोसतं, कारण पोटाच्या पहिल्या कप्प्यात ते प्रथिनांना चिकटून बसतं. म्हणून आपल्याकडे दुभत्या जनावराला सरकीची ढेप चालते, पण लहान वासराला, ज्याचा तो कप्पा अजून तयार झालेला नसतो, तिच्यावर वाढवू नये. माणसालाही ते चालत नाही. घाणीतून निघालेलं कच्चं सरकीचं तेल तांबूस-काळपट दिसतं ते बरंचसं याच्यामुळे, आणि शुद्ध करताना कॉस्टिक सोड्याने ते काढून टाकतात. चीनमध्ये गेल्या शतकात पुरुषांच्या गर्भनिरोधनासाठी त्याचे प्रयोग झाले, दुष्परिणामांमुळे ते सोडून द्यावे लागले. अमेरिकेत टेक्सासमध्ये कीर्ती राठोड यांच्या गटाने असा कापूस तयार केला की दाण्यात गॉसिपॉल अगदी थोडं, पण पानाबोंडात नेहमीइतकंच. २०१९ मध्ये तिथल्या अन्न व औषध खात्याने ती सरकी खाण्यासाठी मान्य केली. याचा अर्थ कळला की अर्धं काम झालं: एकच झाड, एकच रसायन, आणि 'कुठल्या भागात' हे बदललं की सगळा हिशेब बदलतो.

ज्वारीचं उदाहरण तर प्रत्येक गोठ्याला माहीत आहे. पावसाने ताण दिला, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन थांबली, किंवा कापणीनंतर बुडख्याला कोवळे फुटवे आले, आणि सुटलेलं जनावर त्यात शिरलं. थोड्या वेळात धाप, तोंडाला फेस, पाय लटपटतात, जनावर कोसळतं. गावात म्हणतात ज्वारी बाधली. बाधतं ते 'धुर्रिन'. अरबीत ज्वारीला धुरा म्हणतात, त्यावरून हे नाव. गंमत अशी, की धुर्रिन पानात निजून असतं. पानाच्या वरच्या थरातल्या पेशींत धुर्रिन आणि आतल्या थरात त्याला तोडणारं विकर (एन्झाइम), दोघांच्या मध्ये भिंत. जनावराने पान चावलं की भिंत मोडते, दोघांची गाठ पडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. तो रक्तातला प्राणवायू पेशींना वापरू देत नाही. रक्त लालभडक, आणि तरी जनावर गुदमरतंय. पशुवैद्य वेळेत पोचला तर सोडियम नायट्राइट आणि सोडियम थायोसल्फेट शिरेतून देतो. तीच ज्वारी निसवून पक्व झाली, कडबा होऊन वाळली, की धुर्रिन पुष्कळ कमी झालेलं असतं आणि सुटलेला वायू उडून गेलेला असतो. म्हणून कडब्याची गंजी भीती न बाळगता घालतो. झाड तेच, रसायन तेच, वय आणि पाऊस वेगळा.

तिसरं उदाहरण धोतऱ्याचं. बांधावरच्या धोतऱ्याचं बी पोटात गेलं तर माणूस भ्रमतो, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं, जीवही जातो. त्याला कारण हायोसायमिन आणि स्कोपोलॅमिन ही अल्कलॉइडं. आता कापसावर ऑर्गॅनोफॉस्फेट औषध फवारताना विषबाधा झालेला मजूर डोळ्यांपुढे आणा: लाळ गळतेय, घाम फुटलाय, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. दवाखान्यात त्याला पहिलं इंजेक्शन ॲट्रोपिनचं देतात, आणि ॲट्रोपिन हे हायोसायमिनचंच दुसरं रूप. एका घरात जीव घेतं त्याच कुळातलं दुसऱ्या घरात जीव वाचवतं. फरक मोजून दिलेल्या मात्रेचा, आणि ती मात्रा डॉक्टरच मोजू शकतो. हे वाचून कुणी विषबाधा झालेल्याला घरी धोतरा देऊ नये. एका बीत किती अल्कलॉइड आहे हे झाडागणिक बदलतं.

एवढं पाहिल्यावर कळेल की 'फायटोकेमिकल्सनी भरपूर' ही ओळ सरकीच्या पोत्यावर, ज्वारीच्या फुटव्यांवर आणि धोतऱ्याच्या बोंडावरही छापता येईल. ती खोटी ठरणार नाही, फक्त तिच्यातून कुणाला काही कळणार नाही.

या पदार्थांची कुळं अनेक आहेत, सगळी सांगत बसत नाही. अल्कलॉइडं म्हणजे नायट्रोजन असलेली, बहुधा कडू आणि शरीरावर थेट परिणाम करणारी. हे नाव माइसनर या जर्मन औषधशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये दिलं, अल्कलीसारखं वागणारं म्हणून. फिनॉलयुक्त संयुगांत टॅनिन, फ्लेव्होनॉइड, जांभळे-लाल अँथोसायनिन येतात; आवळ्याचा, बाभळीच्या सालीचा तुरटपणा यांचाच. टरपीन कुळात ओव्याचा वास, गाजराचा रंग आणि आपलं गॉसिपॉलही. सॅपोनिन म्हणजे फेस करणारी, रिठ्यात आणि हिंगणबेटात असतात ती. सातपुड्यातल्या मोहाच्या ढेपेतही आहेत, म्हणून ती ढेप पाण्यात टाकली की मासे मरून वर येतात. ज्वारीचं धुर्रिन ग्लायकोसाइड कुळातलं, साखरेला बांधलेलं.

जीभ आणि डोळा ही कुळं ओळखायला खूप मदत करतात, पण त्यांची गल्लतही होते. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची पसरलेली पाहिली की वाटतं, जितकी लाल तितकी तिखट. लाल रंग कॅप्सॅन्थिनचा, तो टरपीन कुळातला कॅरोटिनॉइड. तिखटपणा कॅप्सेसिनचा, त्याचं घराणं वेगळं. ब्याडगी लालबुंद असते आणि तिखट बेताची, कारण दोन्ही रसायनं वेगवेगळी चालतात. शिवाय कॅप्सेसिन बियांत नसतं, बिया ज्या पांढऱ्या पडद्याला चिकटलेल्या असतात त्यात तयार होतं. बियांना ते नुसतं लागलेलं असतं.

आता हा शब्द वापरताना होणारी गडबड. 'फायटोन्यूट्रिएंट' हा शब्द फायटोकेमिकलच्या जागी सर्रास छापला जातो. त्यात 'पोषक' हा दावा आधीच घुसलेला आहे, म्हणून मी तो टाळतो. जे पोषक आहे असं दाखवता येतं त्याचं थेट नाव घ्यावं. क जीवनसत्त्व झाडच बनवतं, पण ते आपल्याला रोज लागतंच, न मिळाल्यास रोग होतो, म्हणून आहारशास्त्रात त्याला जीवनसत्त्व म्हणतात, फायटोकेमिकल्सच्या यादीत सहसा धरत नाहीत. गाजरातलं बीटा-कॅरोटिन दोन्ही दारांत उभं आहे, त्याला दोन्ही म्हटलं तरी चालतं. 'अर्क' म्हणजे अनेक रसायनांचं मिश्रण, त्याला एक फायटोकेमिकल म्हणू नये. आणि भुईमुगातल्या अफ्लाटॉक्सिनला फायटोकेमिकल म्हटलेलं मी विद्यार्थ्यांच्या प्रबंधात वाचलं आहे. ते चूक आहे. अफ्लाटॉक्सिन भुईमूग बनवत नाही, त्याच्यावर वाढलेली बुरशी बनवते. माहेरच वेगळं, तर नावही वेगळं. फवारलेल्या औषधाचा पानात उरलेला अंशही अर्थातच फायटोकेमिकल नाही.

मराठीत काय लिहायचं, असं तुम्ही विचारलंत. वर्गात मी 'वनस्पतिजन्य संयुगं' म्हणतो. ते लगेच कळतं आणि संयुग या शब्दाला कुणी घाबरत नाही. 'वनस्पती-रसायन' बरोबर आहे, पण ते शास्त्राचंही नाव होतं आणि पदार्थाचंही. नुसतं 'फायटोकेमिकल' देवनागरीत लिहिलं तरी काही बिघडत नाही. शब्द कुठला घ्यायचा हा मोठा प्रश्नच नाही. त्याच्यामागे कोणतं संयुग, झाडाच्या कुठल्या भागातलं आणि किती, हे आलं पाहिजे.

आणि ही भाषा आपल्या शेतकऱ्याला चांगली येते. कृषी सेवा केंद्रात उभं राहा. कुणी 'कडुनिंबाचं फायटोकेमिकल द्या' म्हणत नाही. म्हणतात, "निमचं द्या, पंधराशे पीपीएमचं." ते पीपीएम अझाडिरॅक्टिनचे असतात. संयुग ठरलेलं, ते निंबोळीच्या बीमधल्या गरातलं, आणि दहा लाख भागांत १५०० भाग इतकं. तिन्ही गोष्टी एका वाक्यात आल्या. हे संयुग बटरवर्थ आणि मॉर्गन यांनी १९६८ मध्ये निंबोळीतून वेगळं केलं, त्याची रचना १९८० च्या दशकात पक्की झाली आणि प्रयोगशाळेत ते संपूर्ण बनवायला २००७ उजाडलं, इतकं ते गुंतागुंतीचं आहे. झाड ते दर उन्हाळ्यात अंगणात टाकून देतं. उन्हात ते लवकर मोडतं, म्हणून फवारणी संध्याकाळी. घरी ५ किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून १०० लिटर पाण्याचा अर्क करतो, त्यात पीपीएम किती हे मात्र निंबोळी केव्हा वेचली आणि कशी वाळवली यावर ठरतं. पावसात भिजून काळी पडलेली निंबोळी वापरली की अर्क कडू लागतो, पण काम करत नाही, कारण कडूपणा देणारी इतरही संयुगं तिच्यात आहेत.

भाग कुठला हे न पाहिल्यामुळे कशी फसगत होते ते भरताच्या वांग्यावर दिसतं. वांग्याच्या सालीत नासुनिन नावाचं अँथोसायनिन असतं, ते असं उपयोगी तसं उपयोगी, हे पुष्कळ ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते जांभळ्या वांग्याबद्दल खरं आहे, कारण नासुनिन हाच तो जांभळा रंग. आपलं भरताचं वांगं, ज्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते हिरवट, पांढरट रेघांचं. त्याची साल जांभळी नाही, मग जांभळ्या सालीचे गुण त्याला चिकटवण्यात अर्थ नाही. शिवाय भरतात साल आपण काढूनच टाकतो. त्याच्या गरात आहे ते क्लोरोजेनिक आम्ल. नावात क्लोर असलं तरी क्लोरीनचा त्याच्याशी संबंध नाही. ग्रीकमधल्या हिरव्या रंगाच्या शब्दावरून ते आलं आहे. वांगं चिरून ठेवलं की तपकिरी पडतं ते हेच आम्ल, हवा आणि गरातलं एक विकर यांच्यामुळे. म्हणून फोडी पाण्यात टाकतात. तेच वांगं अख्खं पऱ्हाट्यांवर भाजलं की उष्णतेने विकर मरतं, आणि बडगीत ठेचलेला गर पांढरट-हिरवा राहतो. माझी आई वांगं काडीने टोचून पाहायची, देठाजवळचा भाग शिजला का ते. आतपर्यंत आच पोचली नाही तर तिथेच भरीत काळपट पडतं, हे तिला विकराचं नाव न घेता माहीत होतं.

आता 'किती' मोजण्याबद्दल, कारण तुम्ही पीठ तपासायला पाठवणार असाल तर हे लागेल. महाविद्यालयात ज्याला 'फायटोकेमिकल स्क्रीनिंग' म्हणतात त्यात अर्कात एकेक अभिकर्मक, म्हणजे चाचणीचं रसायन, टाकून रंग किंवा साका (खाली बसणारा गाळ) पाहतात. ड्रॅगेनडॉर्फने नारिंगी साका आला तर अल्कलॉइड, फेरिक क्लोराइडने निळा-काळा रंग आला तर टॅनिन किंवा फिनॉल, हलवून फेस टिकला तर सॅपोनिन. ही पहिली चाचपणी आहे, निकाल नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी एका कडधान्याच्या अर्कात नुसत्या साक्यावरून 'अल्कलॉइड आहे' असा अहवाल लिहून दिला होता. अर्कात प्रथिनं होती, आणि प्रथिनंही त्या अभिकर्मकांनी खाली बसतात. दुसऱ्या पद्धतीने तपासल्यावर अल्कलॉइड काहीच निघालं नाही. अहवाल मागे घ्यावा लागला आणि ज्याने त्यावर विसंबून पुढचा खर्च केला होता त्याचं नुकसान झालं. ती गोष्ट मी प्रत्येक तुकडीला सांगतो. 'एकूण फिनॉल' मोजायची फोलिन-सिओकाल्तो ही चाचणीही अशीच जपून वाचायची असते: तिच्यात क जीवनसत्त्व आणि काही शर्कराही रंग देतात, म्हणून आकडा फुगतो. अहवालावर 'गॅलिक आम्लाच्या तुलनेत इतके' असं लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तितकं गॅलिक आम्ल आहे असा नसतो. नेमकं संयुग मोजायचं तर एचपीएलसी, म्हणजे मिश्रणातली संयुगं वेगळी करून मोजणारी यंत्रावरची तपासणी, करावी लागते. तिला पैसे जास्त लागतात.

आणि केवळ 'अँटिऑक्सिडंट जास्त' या आकड्यावर भुलू नये. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अशा आकड्यांची मोठी यादी प्रसिद्ध केली होती, आणि २०१२ मध्ये ती मागे घेतली, कारण परीक्षानळीतला आकडा शरीरात होणारा परिणाम सांगत नाही आणि कंपन्या जाहिरातीसाठी त्याचा गैरवापर करत होत्या.

आता तुमचं केळीचं पीठ. कच्ची केळी सोलताना हाताला, पदराला चीक लागतो आणि त्याचे डाग जन्मात जात नाहीत. घड उतरवणाऱ्या मजुराचा सदरा पाहिला की तो केळीच्या बागेतला हे लांबून कळतं. त्या चिकात टॅनिन आहे. कच्ची केळी खाल्ल्यावर जीभ आखडते तेही टॅनिन, ते लाळेतल्या प्रथिनांना पकडतं. केळी पिकली की टॅनिनचे रेणू एकमेकांत गुंफून मोठे आणि न विरघळणारे होतात, म्हणून तुरटपणा जातो. लोखंडी विळीवर कच्ची केळी चिरलीत तर पात्यावर आणि कापांवर काळा-निळा रंग चढतो. आमची फेरिक क्लोराइडची चाचणी ती हीच, तुमच्या स्वयंपाकघरात झालेली. म्हणून चिरायला स्टेनलेस स्टीलचंच पातं घ्या.

स्टीलच्या पात्यानेही काप हळूहळू तपकिरी पडतात. ते वांग्यासारखंच विकराचं काम, फक्त केळीत त्याचा मुख्य कच्चा माल डोपामिन असतो. हो, मेंदूत असतं तेच. आणि म्हणून 'केळी खा, डोपामिन मिळेल, मन प्रसन्न राहील' असं लिहायचा मोह तुमच्या छपाईवाल्याला नक्की होईल. केळीतलं डोपामिन रक्तातून मेंदूत शिरत नाही, मध्ये अडसर आहे. कापांचा रंग जपण्यासाठी लिंबाच्या पाण्यात बुडवत असाल तर लिंबाचा रस घटकांत लिहा. केएमएस म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट वापरत असाल तर तेही लिहायलाच हवं, आणि मग 'परिरक्षक घातलेलं नाही' ही ओळ तुम्हाला छापता येणार नाही.

तुमच्या पिठाची खरी ताकद फायटोकेमिकलमध्ये नाहीच. ती आहे न पचणाऱ्या स्टार्चमध्ये, ज्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात. कच्च्या केळीत तो भरपूर असतो, लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन तिथल्या जिवाणूंचं अन्न होतो आणि साखर एकदम चढू देत नाही. हा स्टार्च म्हणजे कोसेलच्या पहिल्या रांगेतला पदार्थ, प्राथमिक. त्याला फायटोकेमिकल म्हणत नाहीत. तुम्ही जे नाही त्याच्या नावाने मोठी अक्षरं छापत होतात आणि जे आहे ते पाकिटावर कुठेच नव्हतं. एक गोष्ट मात्र गिऱ्हाइकाला सांगा: पाण्यात शिजवलं, भाकरी-थालीपीठ केलं, की यातला पुष्कळसा स्टार्च साध्या स्टार्चसारखा पचू लागतो. ताकात कालवून न शिजवता घेतलं तर तो टिकतो. आणि केळी पूर्ण हिरवी असतानाच वाळवायला घ्या. रंग फिरायला लागला की स्टार्चची साखर व्हायला सुरुवात झालेली असते.

तर पाकिटावर असं लिहा: 'जळगाव जिल्ह्यातल्या कच्च्या केळीचं पीठ. घटक: कच्ची केळी, लिंबाचा रस. कृत्रिम रंग, सुगंध किंवा परिरक्षक घातलेलं नाही.' रेझिस्टंट स्टार्चचा आकडा तपासणीचा अहवाल हातात आल्यावरच घाला, दर १०० ग्रॅमला इतके ग्रॅम असा. मधुमेह बरा होतो, वजन उतरतं असलं काहीही नको, अन्नाच्या पाकिटावर रोग बरा करण्याचा दावा कायद्याने करता येत नाही. मुलीला सांगा, 'फायटोकेमिकल्स' हा शब्द तिच्या प्रकल्पाच्या अहवालात शोभेल, तिथे टॅनिन मोजून साल आणि गर यांचे आकडे तिने शेजारी शेजारी मांडावेत.

तपासणीला पाठवताना मृगबागेच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या) आणि कांदेबागेच्या (पावसाळा सरताना लावलेल्या) केळीचं पीठ एकत्र करू नका, दोन वेगळी पाकिटं करा. प्रत्येकी पाव किलो, हवाबंद, उन्हापासून लांब. वर केळी कापल्याची आणि पीठ दळल्याची अशा दोन्ही तारखा लिहा. ती दुसरी तारीख लिहायला लोक विसरतात, आणि प्रयोगशाळेत पहिला प्रश्न तोच विचारतात.